ऑफिसच्या पीसींवर सॉफ्टवेअर टाकताना रीस्टार्टचा घोळ: कुठून बघायला सुरुवात करायची

ही पोस्ट त्यांच्यासाठी ज्यांच्या गळ्यात ऑफिसातल्या वीस-पंचवीस किंवा शंभर-दोनशे विंडोज पीसींवर सॉफ्टवेअर टाकायचं काम पडलंय आणि ज्यांना दर महिन्याला तेच तेच फोन येतात, की सर ते परत रीस्टार्ट मागतंय, किंवा अहो ते माझं चालू काम घेऊन बंदच झालं. मी हेच निस्तरत असतो. सॉफ्टवेअर बदलतं, ऑफिस बदलतं, घोळ तोच. आणि बऱ्याचदा नवीन सॉफ्टवेअरचा काही दोष नसतो, मशीन आधीचंच काहीतरी अर्धवट घेऊन बसलेलं असतं आणि नवा सेटअप त्यावर जाऊन आपटतो. त्यामुळे माझा क्रम ठरलेला आहे, एकदा खरंखुरं रीस्टार्ट करायचं, आणि तरीही मागत असेल तर कोण मागतंय ते शोधायचं. नुसतं रीस्टार्ट मारत बसायचं नाही आणि ते मागणं दाबूनही टाकायचं नाही.

सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहितोय. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तरी ऑफिसांत ती मशीन्स आहेतच, काय करणार. कमांड इथे देवनागरीत दिल्यात, टाईप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तर पुढे वाचा:

- सेटअप उघडला की लगेच म्हणतो, आधीचं इन्स्टॉलेशन पूर्ण करायला रीस्टार्ट करा. केलं. परत तेच.
- दुपारी ऐन कामात पीसी स्वतःहून रीस्टार्ट झाला, एक्सेल उघडं होतं ते गेलं.
- कन्सोलवर, म्हणजे जिथून सगळ्या पीसींवर सॉफ्टवेअर पाठवतो त्या स्क्रीनवर, फेल दिसतंय पण युजरकडे सॉफ्टवेअर मस्त चालतंय. किंवा उलटं, कन्सोलवर सक्सेस आणि युजरकडे जुनंच व्हर्जन उघडतंय.
- लॉगमध्ये १६१८, ३०१०, १६४१ असले आकडे.
- रीस्टार्ट लावलेलं रात्री दोनला, झालं सकाळी साडेनऊला, सगळे चहा घेऊन जागेवर बसल्या बसल्या.
- स्टार्ट मेनूतल्या पॉवर बटणावर तो नारिंगी ठिपका कायमचा मुक्कामाला आलेला.
- रीस्टार्टनंतर निळ्या स्क्रीनवर रिकव्हरी की मागतंय. हे असेल तर बाकी सोडा आणि थेट शेवटच्या भागात जा.

पहिली तपासणी: मशीन खरंच रीस्टार्ट झालंय का

पैसे शून्य, वेळ अर्धा मिनिट. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, सीपीयू, आणि खाली अप टाईम बघा. युजर शपथेवर सांगतो की मी रोज संध्याकाळी बंद करूनच जातो आणि तिथे आकडा दिसतो आठ दिवस, दहा दिवस. तो खोटं बोलत नसतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आलाय आणि बहुतेक मशीनवर तो चालूच असतो. त्यात शट डाऊन केलं की युजरचं सेशन बंद होतं, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर हे हार्ड डिस्कवर हायबरनेट फाईलमध्ये जसेच्या तसे साठवून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. मशीन लवकर सुरू होतं हे खरं, पण जी फाईल बदलायची राहिली होती ती राहिलेलीच, जो ड्रायव्हर नवा लोड व्हायला हवा होता तो जुनाच. रीस्टार्ट केलं तर मात्र सगळं पहिल्यापासून लोड होतं. म्हणजे या बाबतीत बंद करून चालू करणं आणि रीस्टार्ट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे युजरला एकदा नीट समजावलं की निम्मे फोन बंद होतात.

तेव्हा आधी स्टार्ट मेनूतून रीस्टार्ट, पॉवर बटण दाबून नव्हे. रिमोटवरून करणार असाल तर दुसऱ्या कोणाचं सेशन आत उघडं नाही ना ते बघा, शिफ्टमध्ये चालणाऱ्या पीसीवर आधीचा माणूस लॉग आऊट न करता स्विच युजर करून गेलेला असतो आणि त्याचं न सेव्ह केलेलं काम आत तसंच असतं. रीस्टार्ट झाल्यावर अप टाईम परत बघा आणि त्याच बैठकीत सी ड्राइव्हवर जागा किती आहे तेही बघून घ्या, कारण जागा नसेल तर अपडेट अर्धवट चढतं, मागे येतं आणि पुन्हा रीस्टार्ट मागतं, बाकी कितीही डोकं लावा.

फास्ट स्टार्टअप कायमचा बंद करायचा असेल तर कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू, तिथली टिक काढा. पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ ही कमांड मारूनही होतं, पण तिने हायबरनेटच जातं, लॅपटॉपवाल्यांना ते चालेल का विचारून घ्या. माझं मत, ऑफिसच्या डेस्कटॉपवर फास्ट स्टार्टअप ठेवण्यात काही अर्थ नाही, एसएसडी असलेलं मशीन तसंही पटकन उठतं.

दुसरी तपासणी: कोण मागतंय, कोणी मारलं

स्क्रीनवर उलटी मोजणी चालू असेल आणि माणूस ओरडत असेल तर विंडोज आणि आर दाबा, शटडाऊन स्लॅश ए टाईप करा, एंटर. टायमर लावून दिलेलं रीस्टार्ट याने थांबतं. याचा अर्थ प्रश्न सुटला असा नाही, फक्त श्वास घ्यायला वेळ मिळाला. तेवढ्यात युजरला स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून पाठवायला सांगा, "काहीतरी आलं होतं" यावरून काहीच कळत नाही आणि फोटोत सहसा कुठल्या प्रोग्रामची खिडकी आहे ते लगेच दिसतं.

मग इव्हेंट व्ह्यूअर. विंडोज लॉग्ज, सिस्टिम, आणि फिल्टरमध्ये १०७४ टाका. ही नोंद म्हणजे या सगळ्या प्रकरणातला सर्वात कामाचा कागद आहे, तरी लोक तिथे जातच नाहीत. रीस्टार्ट कुठल्या प्रोसेसने मागितलं, कुठल्या युजरच्या नावाने आणि काय कारण दिलं, हे तीनही त्यात असतं. प्रोसेसच्या जागी एमएसआयएक्झेक असेल तर विंडोज इन्स्टॉलरने केलंय, म्हणजे तुमच्या पॅकेजच्या कमांडमध्ये गडबड, चौथ्या तपासणीकडे जा. ट्रस्टेडइन्स्टॉलर किंवा एमओयूएसओकोअरवर्कर असेल तर विंडोज अपडेट. सीसीएमएक्झेक असेल तर कॉन्फिगरेशन मॅनेजरचा, म्हणजे सॉफ्टवेअर पाठवायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनाचा, क्लायंट. शटडाऊन डॉट ईएक्सई असेल तर कोणाची तरी स्क्रिप्ट किंवा शेड्युल केलेलं टास्क. आणि स्टार्टमेन्यूएक्सपीरियन्सहोस्ट किंवा एक्सप्लोरर असेल आणि खाली त्याच युजरचं नाव असेल तर साहेबांनी स्वतःच दाबलंय. असं निघालं तर चारचौघात बोलू नका, पुढच्या वेळी हाच माणूस फोटो पाठवायला नाही म्हणेल.

१०७४ ची नोंदच नाही आणि त्या वेळेला ४१ किंवा ६००८ दिसतंय, तर मशीन नीट बंदच झालेलं नाही. म्हणजे लाईट गेली, यूपीएसची बॅटरी संपलेली, कोणाचा पाय वायरीत अडकला, किंवा मशीनच हँग होऊन पडलं. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसण्यात वेळ जातो. सगळ्या पीसींवर ही नोंद एकाच मिनिटाची असेल तर उत्तर मिळालंच. आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते, त्यामुळे गुरुवारी मी काहीही डिप्लॉय करत नाही, आणि यूपीएस दोन मिनिटंही तग धरत नसेल तर आधी बॅटरी बदलून घ्या म्हणतो, मग सॉफ्टवेअर.

तिसरी तपासणी: वेळापत्रक

रात्री दोनचं रीस्टार्ट सकाळी साडेनऊला होण्याचं कारण आपल्याकडे बहुतेक एकच असतं. रात्री मशीन बंद असतं. नुसतं बंद नाही, शिपाई किंवा वॉचमन जाताना बोर्डाचं मेन स्विचच पाडून जातो, वीजबिलाची काटकसर म्हणून त्याला तसं सांगितलेलंच असतं. टास्क शेड्युलरमध्ये एक टिक असते, ठरलेली वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालव, अशी. ती लावलेली असेल तर मशीन सकाळी सुरू झालं रे झालं की रात्रीचं राहिलेलं रीस्टार्ट तिथेच होतं. डिप्लॉयमेंटच्या साधनांतही हाच प्रकार वेगळ्या नावाने असतो, मुदत उलटलेली असेल तर मशीन दिसताक्षणी काम चालू. लॅपटॉप झाकण लावून बॅगेत गेलेला असेल तर तोही असाच उघडल्या उघडल्या मुदत उलटलेला निघतो.

उपाय फुकट आहे. ज्या रात्री काम आहे त्या दिवशी मेन स्विच बंद करू नका असं कागदावर लिहून बोर्डावर चिकटवा, ग्रुपवर मेसेज टाकून शिपायापर्यंत पोचत नाही. ते जमणार नसेल तर रात्रीचा नाद सोडा आणि जेवणाच्या सुट्टीची वेळ घ्या. मला तरी दुपारी दीडची वेळ रात्री दोनपेक्षा जास्त भरवशाची वाटते, काही अडलं तर समोर माणूस असतो.

विंडोज अपडेटमुळे होत असेल तर अ‍ॅक्टिव्ह अवर्स बघा. जास्तीत जास्त १८ तास देता येतात, आणि दोन शिफ्ट चालणाऱ्या ठिकाणी ते सकाळी आठ ते पाचवर सोडलेलं असेल तर दुसऱ्या शिफ्टचा माणूस मार खाणारच. शिवाय ग्रुप पॉलिसीत, म्हणजे अ‍ॅडमिनने सगळ्या मशीनना एकदम लावलेल्या सेटिंगमध्ये, अपडेटची डेडलाईन लावलेली असेल तर ती उलटल्यावर अ‍ॅक्टिव्ह अवर्स विचारात घेतले जात नाहीत, मी वेळ दिली होती तरी रीस्टार्ट झालं ही तक्रार इथून येते. लॉग इन असताना रीस्टार्ट करू नको अशीही एक पॉलिसी आहे, पण ऑटोमॅटिक अपडेटची सेटिंग चार नंबरच्या पर्यायावर, म्हणजे ठरलेल्या वेळी इन्स्टॉल करण्यावर असेल तरच ती चालते, बाकी वेळी नुसती शोभेला.

अजून एक तारखेचं. मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे अपडेट अमेरिकेतल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी दहाला निघतात, पॅसिफिक वेळेप्रमाणे, म्हणजे आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. आपल्या मशीनवर ते दिसायला लागतात बुधवारी. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेत कधीही येतो, म्हणजे आपला बुधवार ९ ते १५, आणि दर महिन्याला जीएसटीआर-१ भरणाऱ्यांची शेवटची तारीख ११. अकाउंट्सवाल्या मॅडम रात्री आठपर्यंत बसलेल्या असतात आणि नेमकं तेव्हाच रीस्टार्टचं टुमणं. मी अकाउंट्सच्या पीसींचा वेगळा ग्रुप करून त्यांचे अपडेट १२ च्या पुढेच सोडतो, आणि २० च्या आसपास जीएसटीआर-३बीच्या वेळी तिथे हात लावत नाही. याला एक पैसा लागत नाही, फक्त कॅलेंडर बघावं लागतं.

चौथी तपासणी: पॅकेजची कमांड आणि कोड

इथून पुढचं अ‍ॅडमिन हक्क असलेल्यांसाठी.

आधी कोडांचं बघू कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. ० म्हणजे झालं. ३०१० म्हणजे झालं, पण रीस्टार्ट केल्यावर पूर्ण होईल. १६४१ म्हणजे झालं आणि इन्स्टॉलरने रीस्टार्ट सुरूही केलं. हे तिन्ही यशाचे कोड आहेत! १६१८ म्हणजे दुसरं एक इन्स्टॉलेशन चालू आहे, थांबा. १६०३ म्हणजे मात्र फसलं, आणि का फसलं ते त्या कोडवरून कळत नाही, लॉग उघडावाच लागतो.

आता समजा तुमची स्क्रिप्ट शून्य सोडून सगळं फेल धरते. सॉफ्टवेअर बसलं, ३०१० आला, स्क्रिप्ट म्हणाली फेल, तासाभराने परत इन्स्टॉल, परत ३०१०, आणि युजरला दिवसभर रीस्टार्टचे मेसेज. उलटंही होतं. बॅच फाईलमध्ये सेटअपच्या ओळीखाली डेस्कटॉपवरचा जुना शॉर्टकट उडवायची ओळ असते, ती नीट चालते आणि बॅच फाईल शून्य परत देते, ३०१० मधल्या मध्ये गायब. कन्सोल सक्सेस म्हणतो, रीस्टार्ट कोणी मागतच नाही, आणि युजर जुनंच व्हर्जन वापरत बसतो. उपाय एवढाच की सेटअपची ओळ संपल्या संपल्या एररलेव्हल, म्हणजे सेटअपने दिलेला कोड, एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायचा आणि शेवटी एक्झिट स्लॅश बी ला तोच द्यायचा.

न विचारता रीस्टार्ट होण्याचं सर्वात मोठं कारण कमांडमध्ये नो-रीस्टार्ट नसणं. एमएसआय फाईल, म्हणजे विंडोज इन्स्टॉलरचं पॅकेज, स्लॅश क्यूएन लावून गुपचूप टाकली की विचारायला खिडकीच नसते, आणि रीस्टार्ट लागणार असेल तर इन्स्टॉलर न विचारता मशीन फिरवतो. त्याने नियम पाळलाय, आपण सांगितलं नाही. म्हणून स्लॅश क्यूएन सोबत स्लॅश नोरीस्टार्ट, किंवा रीबूट बरोबर रिअलीसप्रेस ही प्रॉपर्टी, हे जोडीनेच लिहायचं. नुसतं सप्रेस लिहिलं तर शेवटचं रीस्टार्ट थांबतं, पण मधेच लागणारं थांबत नाही. ईएक्सई सेटअपचे स्विच प्रत्येकाचे वेगळे, इनो सेटअपने बनवलेला असेल तर व्हेरीसायलेंट सोबत नोरीस्टार्ट लिहावंच लागतं नाहीतर तोही न विचारता फिरवतो. आणि लॉगचा स्विच नेहमी लावा, स्लॅश एल स्टार व्ही आणि फाईलचं नाव, नंतर रडत बसण्यापेक्षा बरं.

इन्स्टॉलरचं रीस्टार्ट असं थांबवल्यावर ते आपल्या वेळेला करायची जबाबदारी आपली, हे विसरून चालत नाही. इंट्यून या मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊडवरच्या साधनातून विन३२ अ‍ॅप टाकत असाल तर रिटर्न कोडमध्ये ३०१० सॉफ्ट रीबूट आणि १६४१ हार्ड रीबूट म्हणून आधीच लिहिलेले असतात, ते काढू नका, आणि रीस्टार्टची सवलत चालू केली तर मुळात १४४० मिनिटं म्हणजे पूर्ण एक दिवस मिळतो. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये हाच आकडा मुळात ९० मिनिटं आहे. नव्वद मिनिटं म्हणजे एक मिटिंग. माणूस मिटिंगमधून परत येतो तोवर मशीन फिरलेलं असतं. मी तो आकडा वाढवूनच घेतो.

स्वतःच्या स्क्रिप्टमधून शटडाऊन स्लॅश आर स्लॅश टी ९०० असं पंधरा मिनिटांचं टायमर लावत असाल तर एक लक्षात ठेवा, टी ला शून्यापेक्षा मोठा आकडा दिला की स्लॅश एफ आपोआप लागू होतं, म्हणजे वेळ संपली की उघडे प्रोग्राम जबरदस्तीने बंद. सेव्ह करू का असं विचारत थांबत नाही. लोकांना वाटतं आपण वेळ दिली म्हणजे सौम्यपणे वागलो. म्हणून स्लॅश सी ने मेसेज द्या, आणि तो मराठीत, साध्या शब्दांत द्या, "साडेचारला पीसी रीस्टार्ट होईल, काम सेव्ह करून ठेवा", वेळ लिहून. नुसतं थोड्या वेळाने लिहिलंत तर कोणी ढुंकून बघत नाही.

एकाच दिवशी चार सॉफ्टवेअर टाकायची असतील तर क्रमाला महत्त्व आहे. रीस्टार्ट मागणारे, म्हणजे अँटिव्हायरस, व्हीपीएन, ड्रायव्हर, हे शेवटी ठेवा आणि सगळ्यांसाठी एकच रीस्टार्ट करा. व्हिज्युअल सी++ रनटाईमसारखी साधी दिसणारी गोष्टही तिच्या फाईली वापरात असतील तर ३०१० देते, त्यामुळे ती टाकताना युजरने प्रोग्राम बंद केलेले असले तर उत्तम. व्हिस्टापासून विंडोजमध्ये रीस्टार्ट मॅनेजर आहे, तो फाईल अडवून बसलेले प्रोग्राम बंद करून नंतर उघडायचा प्रयत्न करतो, पण सगळे प्रोग्राम त्याला दाद देत नाहीत.

१६१८ साठी काही खास करायचं नसतं. एका वेळी एकच एमएसआय चालतं, दुसरं काय चालू आहे ते संपू द्या. पंधरा-वीस मिनिटांनंतरही तेच असेल तर टास्क मॅनेजरमध्ये एमएसआयएक्झेक कोणासाठी चाललंय ते डिटेल्समध्ये कमांड लाईनचा कॉलम लावून बघा, बरेचदा मागच्या खिडकीआड एखादा सेटअप ओके दाबायची वाट बघत बसलेला असतो. एमएसआयएक्झेक मारून टाकू नका, अर्धवट पडलेलं इन्स्टॉलेशन साफ करायला त्याहून जास्त वेळ जातो.

पाचवी तपासणी: रजिस्ट्रीतल्या खुणा

खरंखुरं रीस्टार्ट झालंय, अपडेट सगळे बसलेत, तरी सेटअप म्हणतो आधी रीस्टार्ट करा. मग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, बघायचं. फक्त बघायचं.

तीन जागा आहेत, तिन्ही लोकल मशीनखाली. पहिली, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, कंपोनंट बेस्ड सर्व्हिसिंग, आणि त्यात रीबूटपेंडिंग नावाची की आहे का. असेल तर विंडोजचाच एखादा घटक अर्धवट आहे. दुसरी, त्याच करंटव्हर्जनमध्ये विंडोजअपडेट, ऑटो अपडेट, रीबूटरिक्वायर्ड. ही अपडेटची. तिसरी, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, सेशन मॅनेजर, आणि तिथे पेंडिंगफाईलरीनेमऑपरेशन्स ही व्हॅल्यू. पीसीचं नाव बदलून रीस्टार्ट न करणं हेही काही स्क्रिप्टांना पेंडिंगच वाटतं, तेवढं डोक्यात ठेवा.

घोटाळा बहुतेक तिसऱ्या जागी सापडतो. वापरात असलेली फाईल चालू विंडोजला बदलता येत नाही, म्हणून प्रोग्राम तिथे चिठ्ठी ठेवतो की पुढच्या सुरुवातीला ही फाईल हलव किंवा उडव. विंडोज सुरू होतानाच सेशन मॅनेजर ती यादी वाचून काम उरकतो आणि यादी रिकामी होते. यादीत जोड्या असतात, वरची ओळ म्हणजे आत्ताची फाईल आणि खालची म्हणजे नवी जागा, खालची ओळ रिकामी असेल तर फाईल उडवायची. ओळीतला फोल्डर वाचला की चोर कळतो. कुठल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरचा फोल्डर असतो, कुठे अँटिव्हायरसचा, कुठे कोणाच्या अपडेटरचा टेंप फोल्डर. ओळी कागदावर टिपून घ्या, रीस्टार्ट करा, परत बघा. त्याच ओळी पुन्हा आल्या असतील तर तो प्रोग्राम दर वेळी सुरू होताना नवी चिठ्ठी ठेवतोय, आणि तुमचा बिचारा सेटअप ती पाहून मागे फिरतोय. एसक्यूएल सर्व्हरच्या सेटअपमध्ये तर रीस्टार्ट राहिलंय का याची वेगळी तपासणीच असते, ती इथे अडकते. उपाय त्या दुसऱ्या प्रोग्रामवर करायचा, तो अपडेट करा, नाहीतर काढून पुन्हा टाका.

इंटरनेटवर जागोजागी सल्ला मिळेल की ही व्हॅल्यू डिलीट करा, की डिलीट करा, झालं काम. नका करू. सिलिंडर संपल्याची नोंद वहीतून खोडली म्हणून सिलिंडर भरत नाही. रीस्टार्टचा मेसेज जाईल, सेटअप पुढेही सरकेल, पण एका डीएलएलचं नवं व्हर्जन आणि तिच्या शेजारणीचं जुनं असं मशीन तयार होईल आणि आठवड्याने ते काय विचित्र वागेल ते कोणालाच शोधता येणार नाही. कंपोनंट बेस्ड सर्व्हिसिंगच्या कीची मालकी तर ट्रस्टेडइन्स्टॉलरकडे असते, अ‍ॅडमिनलाही सहज हात लावता येत नाही, ते उगाच नाही.

पहिल्या जागेची रीबूटपेंडिंग की दोन-तीन रीस्टार्टनंतरही हलत नसेल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर आधी डिझम, ऑनलाईन, क्लीनअप-इमेज, रिस्टोअरहेल्थ, आणि ते संपल्यावर एसएफसी स्कॅननाऊ. क्रम हाच, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाईली उचलते तो साठा डिझम दुरुस्त करतं. वेळ लागतो, मधे टक्केवारी एका जागी बराच वेळ उभी राहते, खिडकी बंद करू नका. मशीनचं अपडेट कंपनीच्या सर्व्हरवरून येत असेल तर डिझमला फाईली मिळत नाहीत असंही होतं, तिथे तुमच्या नेटवर्कवाल्याची मदत लागेल.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

रिकव्हरी की मागणारी निळी स्क्रीन आली आणि ४८ आकडी की कोणाकडेच नसेल तर कुठलंही बटण दाबू नका, ड्राइव्ह फॉरमॅट करणाऱ्या पर्यायाच्या जवळपासही जाऊ नका. कंपनीच्या अ‍ॅडमिनकडे ती बहुधा साठवलेली असते, आधी त्याला विचारा. हे होतं ते बायोसचं अपडेट डिप्लॉयमेंटमध्ये टाकल्यावर, कारण डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या बिटलॉकरला वाटतं मशीन बदललं. पुढच्या वेळी बायोस अपडेटच्या आधी बिटलॉकर एका रीस्टार्टपुरता सस्पेंड करायचा, पण तेही की हातात आहे याची खात्री झाल्यावरच.

अपडेट मागे घेतोय असं स्क्रीनवर चाललंय तोपर्यंत मशीनचा प्लग काढू नका, तास लागला तरी. पण तेच सलग दुसऱ्यांदा झालं तर तिसरा प्रयत्न करू नका. मशीन विंडोजपर्यंत पोचतच नसेल, सिस्टिम लॉगमध्ये डिस्कच्या चुका दिसत असतील, डिस्कचा आवाज येत असेल, तर रीस्टार्ट पूर्ण बंद, आधी डेटाची कॉपी आणि ती काढायला जाणकार माणूस. अशा डिस्कवर प्रत्येक रीस्टार्ट डेटा परत मिळण्याची शक्यता कमी करतं.

ज्या पीसीवर सगळ्या ऑफिसचा अकाउंटिंगचा डेटा ठेवलाय तो दिसायला साधा डेस्कटॉप असला तरी तो सर्व्हर आहे, त्याच्यावर यातलं काहीही बॅकअप बघितल्याशिवाय करायचं नाही आणि एकट्याने तर नाहीच. अँटिव्हायरस निघत नसेल आणि त्याचा पासवर्ड नसेल तर त्याचे ड्रायव्हर हाताने उडवू नका. आणि मशीन कंपनीच्या डोमेनमध्ये किंवा इंट्यूनमध्ये असेल आणि तुम्ही तिथले अ‍ॅडमिन नसाल तर तिसऱ्या तपासणीच्या पुढे जाऊच नका, तुम्ही बदललेली सेटिंग पॉलिसी पुन्हा लागू झाली की परत जागेवर येणार.

बोलवाल त्या माणसाला या गोष्टी तयार ठेवून द्या: १०७४ च्या नोंदीचा फोटो, इन्स्टॉलरने दिलेला कोड, एमएसआयचा लॉग असेल तर ती फाईल, रजिस्ट्रीतल्या त्या ओळी टिपल्या असतील तर त्या, आणि एकाच पीसीला होतंय की सगळ्यांना. शेवटचं तर फोनवरच सांगा, कारण सगळ्यांना होत असेल तर त्याला तुमच्याकडे यायचंच नाही, कन्सोलवर बसूनच बघावं लागणार आहे.